घटातील धान आणि शिवारातील पीक
(वनस्पतींच्या वाढीचे नियमन : प्राथमिक शिक्षकांसाठी व्याख्यान)



आश्विन शुद्ध प्रतिपदेस निमोण्यात व भोवतालच्या वाड्यावस्त्यांवर घरोघरी घट बसतात. पत्रावळीवर शेतातील माती पसरून तीत गहू, ज्वारी असे धान्य पेरतात, मधोमध पाण्याने भरलेला घट ठेवतात, आणि देवघराच्या अंधुक उजेडात ते धान नऊ दिवस वाढत राहते. दसऱ्यापर्यंत ते चांगले वीतभर उंच होते आणि पुरुष मंडळी ते टोपीत किंवा फेट्यात खोवतात. हे धान ज्याने लक्षपूर्वक पाहिले असेल त्याच्या ध्यानात दोन गोष्टी आल्या असतील. पहिली अशी की, शेतातील त्याच वयाच्या रोपापेक्षा ते फिकट, पिवळसर, उंच व नाजूक असते. दुसरी अशी की, देवघराचे दार किंवा खिडकी ज्या बाजूस असेल त्या बाजूस ते एकजात कललेले असते.

एखाद्या चौकस मुलाने याचे कारण विचारले तर 'रोपास उजेड हवा असतो, म्हणून ते उजेडाकडे वळते,' असे उत्तर देण्याचा प्रघात आहे. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. उजेडाकडे वळण्याचा रोपास लाभ कोणता, एवढेच त्यातून कळते. रोप वळते कसे, हा मुलाचा खरा प्रश्न तसाच राहतो. रोपास डोळे नाहीत, स्नायू नाहीत, मेंदू नाही. मग उजेड कोठून येतो हे त्यास कळते कसे, आणि कळल्यावर त्याचे अंग वाकते कसे? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता विज्ञानास सुमारे पन्नास वर्षे लागली, आणि त्यातून वनस्पतिशास्त्राची एक महत्त्वाची शाखा जन्मास आली.

या शोधाचा आरंभ चार्ल्स डार्विन या इंग्रज शास्त्रज्ञाने आपल्या उतारवयात केला. फ्रान्सिस या मुलाच्या साहाय्याने त्याने गवताच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग केले आणि १८८० साली ते प्रसिद्ध केले. तृणवर्गातील कोंब जमिनीबाहेर येतो तेव्हा त्याच्या पहिल्या पानाभोवती एक पातळ म्यान असते. डार्विनने काही कोंबांच्या केवळ टोकांवर कथलाच्या पातळ पत्र्याच्या टोप्या बसविल्या. टोक झाकलेले कोंब सरळच वाढले. उलटपक्षी, काही कोंबांचा खालचा भाग त्याने झाकला व टोके उघडी ठेवली; हे कोंब उजेडाकडे वाकले. यात नवल असे की, वाकण्याची क्रिया टोकाच्या खाली घडते. म्हणजे उजेड टिपणारा भाग एक आणि वाकणारा भाग दुसरा. तेव्हा टोकापासून खाली काहीतरी प्रभाव पोहोचत असला पाहिजे, असे अनुमान डार्विनने काढले.

हा प्रभाव म्हणजे एखादा पदार्थ आहे काय, याचा छडा पुढे लागला. १९१३ च्या सुमारास डेन्मार्कमधील बॉयसेन-येन्सेन याने कोंबाचे टोक कापून, मध्ये जिलेटिनचा पातळ थर ठेवून, ते पुन्हा जागेवर बसविले. तरीही कोंब वाकला. प्रभाव त्या थरातून झिरपत खाली गेला होता. अखेरचा पुरावा हॉलंडमधील उट्रेख्त येथे फ्रिट्स वेंट या तरुण संशोधकाने १९२६ साली मिळविला. त्याने ओटच्या कोंबांची टोके कापून ती अगरच्या लहान तुकड्यांवर काही वेळ ठेवली. नंतर टोके टाकून दिली आणि तो नुसता अगरचा तुकडा टोक नसलेल्या कोंबावर एका कडेस ठेवला. हे सारे अंधारात चालले होते, म्हणजे उजेडाचा काही संबंधच नव्हता. तरीही ज्या बाजूस तुकडा होता ती बाजू अधिक लांब झाली आणि कोंब विरुद्ध बाजूस वाकला. टोकातून पाझरलेला पदार्थ अगरमध्ये उतरला होता, हे निर्विवाद ठरले. 'वाढविणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून या पदार्थास 'ऑक्सिन' हे नाव मिळाले.

आता घटातील धानाचा उलगडा होतो. कोंबाच्या टोकात ऑक्सिन तयार होते व ते खाली उतरते. एका बाजूने उजेड पडला की ते उजेडाकडील बाजू सोडून सावलीकडील बाजूस अधिक जाते. तेथील पेशी अधिक लांबतात, उजेडाकडील पेशी कमी लांबतात. एक बाजू लांब आणि दुसरी आखूड झाल्यावर कोंब उजेडाकडे कलणार हे ओघानेच आले. बैलगाडीचे एक चाक वेगाने व दुसरे सावकाश फिरले तर गाडी सावकाश फिरणाऱ्या चाकाच्या बाजूस वळते, हा दृष्टांत मुलांस चटकन पटेल.

मुळाच्या बाबतीत हाच पदार्थ उलटे कार्य करतो, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. उगवते बी आडवे पडले असेल तर मुळाच्या टोकातील काही पेशींमधील पिष्टाचे जड कण तळाशी बसतात. त्यावरून खाली कोणती बाजू हे मुळास कळते, आणि खालच्या बाजूस ऑक्सिन अधिक साचते. परंतु जेवढ्या ऑक्सिनने खोड लांबते तेवढ्याने मुळाची वाढ उलट खुंटते. म्हणून मुळाची वरची बाजू अधिक वाढून मूळ जमिनीकडे वळते. बी पेरताना ते उलटे पडले की सुलटे, याची चिंता पाभरीमागे चालणाऱ्या शेतकऱ्यास करावी लागत नाही, त्याचे कारण हे आहे.

अशा पदार्थांस 'संप्रेरके' म्हणतात. वनस्पतीच्या शरीरात एका ठिकाणी ती तयार होतात, दुसऱ्या ठिकाणी वा तेथेच कार्य करतात, आणि अत्यल्प प्रमाणात परिणाम घडवितात. येथे शिक्षकाने एक भेद मुलांच्या मनावर ठसविणे अगत्याचे आहे. नत्र, स्फुरद, पालाश ही वनस्पतीची अन्नद्रव्ये होत. त्यांतून तिचे शरीर घडते. संप्रेरक हे अन्न नव्हे. तो एका अवयवाने दुसऱ्यास धाडलेला निरोप आहे. निरोप्याने कितीही निरोप आणले तरी त्यामुळे घरातील कणगी भरत नाही. मात्र योग्य वेळी आलेल्या एका निरोपाने घरातील सारी माणसे कामास लागतात. हा भेद न कळल्यामुळे शेतीत कसे नुकसान होते, ते पुढे येईलच.

ऑक्सिनखेरीज आणखी चार प्रमुख संप्रेरके विसाव्या शतकात माहीत झाली. जपानी संशोधक कुरोसावा याने १९२६ साली भाताच्या एका रोगाचा अभ्यास केला. या रोगात रोपे उंचच उंच वाढतात आणि कोलमडून पडतात. जपानी शेतकरी अशा रोपांस 'मूर्ख रोपे' म्हणत. एका बुरशीने निर्माण केलेला पदार्थ त्याच्या मुळाशी होता. त्यास १९३५ साली 'जिबरेलिन' हे नाव मिळाले, आणि निरोगी वनस्पतीही तो पदार्थ स्वतः तयार करतात असे पुढे आढळले. तिसरे संप्रेरक 'सायटोकायनिन'. पेशींचे विभाजन घडविणारा या वर्गातील पहिला पदार्थ अमेरिकेत स्कूग व मिलर यांच्या प्रयोगशाळेत १९५५ साली हाती लागला. चौथे 'इथिलीन', हा चक्क वायू आहे. पाचवे 'अॅबसिसिक आम्ल'. याचा शोध १९६० नंतरच्या दशकात लागला. वाढ थांबविणे व संकटात तग धरणे ही याची कामे. यानंतरही काही संप्रेरके सापडली असून त्यांपैकी एकाचा उल्लेख पुढे ज्वारीच्या संदर्भात येईल.

ही नावे मुलांकडून पाठ करून घेण्यात फारसा अर्थ नाही. निमोण्याच्या शिवारात एक फेरी मारली तर या पाचही निरोप्यांची कामे उघड्या डोळ्यांनी पाहता येतात. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा भाग. एकीकडे पावसाच्या भरवशावरील ज्वारी-बाजरी, तर दुसरीकडे पाण्याखालील ऊस व कांदा. प्रत्येक पिकात एकेक धडा भरलेला आहे.

प्रथम ऊस घ्यावा. अखंड ऊस सरीत आडवा पुरला तर शेंड्याकडील डोळे आधी फुटतात आणि बुडख्याकडील पुष्कळसे डोळे निद्रिस्तच राहतात. शेंड्याकडून उतरणारे ऑक्सिन खालच्या डोळ्यांस दाबून ठेवते, हे त्याचे एक प्रमुख कारण होय. म्हणून शेतकरी बेण्याच्या दोन-दोन डोळ्यांच्या टिपऱ्या करतो. कोयत्याच्या घावाने वरून येणारा निरोप तुटतो आणि खालच्या डोळ्यांस फुटण्यास मोकळीक मिळते. लागणीनंतर काही शेतकरी 'जेठा कोंब' काढून टाकतात, तेही याच तत्त्वावर. थोरला कोंब गेला की धाकट्या फुटव्यांवरील दाब उठतो व ते जोमाने व सारखे वाढतात. हरभऱ्याचे शेंडे भाजीसाठी खुडण्याची पद्धत घरोघरी आहे. खुडलेल्या हरभऱ्यास फांद्या अधिक फुटतात, हे आयाबायांस ऑक्सिनचे नाव निघण्यापूर्वीपासून ठाऊक आहे.

आता कांदा. पात हिरवी असतानाच कांदा काढला तर तो चाळीत लवकर कोंब धरतो. निम्म्या झाडांच्या माना पडल्यावर काढलेला व नीट सुकविलेला कांदा अधिक टिकतो. कांदा पक्व होताना पातीतून कंदाकडे साखर उतरते. तिच्याबरोबर कोंब रोखून धरणारे पदार्थही उतरतात. पात आधीच कापली म्हणजे हा 'झोपून राहा' असा निरोप कंदास पुरता पोहोचतच नाही. साठवणीत काळ जाईल तसतसे हे रोधक पदार्थ ओसरतात, वाढीस चालना देणारी संप्रेरके वर येतात, आणि कांद्यास मोड येतो. बियांचेही असेच आहे. ज्वारी-बाजरी काढणीस आली असता अवकाळी पाऊस लागून राहिला तर कणसातच दाण्यांस मोड येतात. दाण्यास झोपवून ठेवणाऱ्या अॅबसिसिक आम्लाचा जोर त्या वेळी ओसरलेला असतो आणि ओल मिळताच जिबरेलिन आपले काम सुरू करते. त्याच्या निरोपावरून दाण्याच्या आवरणालगतचा थर एक पाचक द्रव्य सोडतो आणि पिष्टाची साखर होऊ लागते. मोड आलेल्या गव्हाचा दाणा चावून पाहिल्यास तो गोड लागतो, तो यामुळेच.

रब्बी ज्वारी पाहावी. पोटरीवर आलेल्या पिकास ओल कमी पडली की दुपारी पाने सुरळीसारखी गुंडाळली जातात. त्याच्याही आधी, डोळ्यांस न दिसणारी एक क्रिया घडून गेलेली असते. ओल घटताच वनस्पतीत अॅबसिसिक आम्ल वाढते. पानांवरील सूक्ष्म पर्णरंध्रांच्या दोन्ही कडांस रक्षक पेशी असतात. हा निरोप मिळताच त्यांतील क्षार व पाणी बाहेर पडते, त्या सैल पडतात आणि रंध्र मिटते. पाणी वाचते, परंतु हवेतील कर्बवायूचा प्रवेशही थांबतो, म्हणून दाणा भरण्याचे काम मंदावते. पीक जगते, पण उतारा घटतो. अवर्षणात पिकाने केलेला हा सौदा मुलांस समजावून दिला, तर 'एक पाणी मिळाले असते तर' या घरातील उद्गाराचा अर्थ त्यांस अधिक खोलवर कळेल.

याच ज्वारीत काही ठिकाणी 'टारफुला' नावाचे परोपजीवी तण येते. त्याचे धुळीसारखे बारीक बी वर्षानुवर्षे जमिनीत पडून राहते आणि ज्वारीचे मूळ जवळ आले की नेमके त्याच वेळी उगवते. हे त्यास कळते कसे? ज्वारीची मुळे 'स्ट्रायगोलॅक्टोन' या वर्गातील पदार्थ मातीत सोडतात. स्फुरद मिळवून देण्यास साहाय्य करणाऱ्या उपकारक बुरशीस बोलावणे, हा त्याचा हेतू. हे २००५ साली स्पष्ट झाले. आणि हेच पदार्थ वनस्पतीच्या शरीरात फांद्यांचे फुटणे आवरून धरणारे संप्रेरक आहेत, हे २००८ साली. टारफुल्याचे बी हा दुसऱ्यासाठी धाडलेला निरोप चोरून ऐकते. कापसाची मुळेही असेच पदार्थ सोडतात. परंतु कापसावर टारफुला जगू शकत नाही, म्हणून उगवलेले बी मरून जाते. पिकांच्या फेरपालटीमागे असेही शास्त्र आहे.

इथिलीनचा परिचय तर म्हणींपर्यंत पोहोचला आहे. एका नासक्या आंब्याने सारी आढी नासते, असे म्हणतात. पिकणारे फळ इथिलीन वायू सोडते, तो शेजारच्या फळास लागतो, मग तेही पिकू लागते व स्वतः वायू सोडते. आढीत गवत घालून फळे झाकण्याचा एक लाभ हाच की हा वायू कोंडून राहतो. इथिलीनचा वनस्पतीवरील परिणाम रशियात नेल्युबोव्ह याने १९०१ साली ओळखला. दिव्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वायूच्या संसर्गाने प्रयोगशाळेतील वाटाण्याची रोपे आडवी वाढत होती. त्या वायूतील इथिलीन हे त्याचे कारण निघाले. फळे स्वतः इथिलीन निर्माण करतात हे १९३४ साली सिद्ध झाले. बाजारात कॅल्शियम कार्बाइडची पुडी ठेवून फळे पिकविण्याचा जो प्रकार आढळतो, त्यात निघणारा वायू ॲसिटिलीन असतो. तो इथिलीनची नक्कल करतो. परंतु कार्बाइडमध्ये आर्सेनिकसारखी विषारी द्रव्ये मिसळलेली असू शकतात. म्हणून फळे पिकविण्यासाठी त्याच्या वापरास कायद्याने बंदी आहे.

सायटोकायनिनचे कार्य पाहण्यास फार दूर जावयास नको. टिश्यू कल्चरची केळीची रोपे आता महाराष्ट्रभर लावली जातात. केळीच्या लहानशा जिवंत तुकड्यापासून बाटलीत रोपे वाढवितात. तेथील पोषकद्रव्यात सायटोकायनिन अधिक असेल तर कोंब फुटतात, ऑक्सिन अधिक असेल तर मुळे फुटतात. या प्रमाणाचे महत्त्व स्कूग व मिलर यांनी १९५७ साली दाखवून दिले. निरोपाचा अर्थ एकट्या निरोपावर अवलंबून नसतो. त्याच वेळी दुसरा कोणता निरोप आला आहे यावरही तो ठरतो.

गव्हाच्या इतिहासातही जिबरेलिनचा भाग मोठा आहे. पूर्वीचे उंच गहू भरपूर खत दिले की ओंबीच्या भाराने लोळत. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून ठेंगण्या गव्हाचे १८,००० टन बियाणे आणले, आणि त्याच वाणांपासून देशाच्या अन्नधान्याचे चित्र पालटू लागले. हे गहू ठेंगणे का, याचे नेमके कारण १९९९ साली उलगडले : त्यांच्या पेशी जिबरेलिनचा निरोप पुरता ऐकत नाहीत. खोडाच्या उंचीत जाणारे बळ वाचले, खोड आखूड व ताठ राहिले, आणि दाण्यांचा भार त्यास पेलवला.

मात्र वनस्पतीची प्रत्येक हालचाल संप्रेरकामुळे होते असा समज मुलांचा होऊ देऊ नये. लाजाळूचे पान स्पर्शाने तत्काळ मिटते, त्यात विद्युत्संदेश व पेशींतील पाण्याचा दाब यांचा संबंध असतो. वनस्पतींतील अशा विद्युत्संदेशांचा अभ्यास जगदीशचंद्र बसू यांनी कलकत्त्यास विसाव्या शतकाच्या आरंभीच केला होता. पान पुन्हा पूर्ववत उघडते. घटातील धानाचे वाकणे मात्र वाढीमुळे झालेले असते.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय ग्रामीण शिक्षकाने विशेष आस्थेने शिकवावयास हवा, तिकडे वळणे योग्य होईल. शेतीच्या बाजारात ही संप्रेरके किंवा त्यांची कृत्रिम रूपे 'संजीवके' या नावाने विकली जातात. या शब्दामुळे मृतास जीवन देणारे काहीतरी औषध, अशी समजूत सहज होते. काही ठिकाणी त्यांचा उपयोग खरोखर मोठा आहे. बिनबियांच्या द्राक्षात जिबरेलिन पुरविणारे बी नसते, म्हणून मणी लहान राहतो. जुन्नर, नाशिक, सांगली या भागांतील बागाईतदार घड जिबरेलिक आम्लाच्या पाण्यात बुडवितात, तेव्हा मणी लांबतो व फुगतो. येथे उणा असलेला निरोप बाहेरून पुरविलेला असतो. परंतु ज्या पिकास पाणी नाही, ज्या जमिनीत कस नाही, तेथे नुसत्या संजीवकाची फवारणी म्हणजे रिकाम्या कोठारास धान्य काढण्याचा हुकूम देण्यासारखे आहे. पैसा जातो आणि पदरात काही पडत नाही.

दुसरा धोका प्रमाणाचा. खताची एक मूठ अधिक पडली तर बहुधा निभावते; संप्रेरकाचे तसे नाही. मुळाच्या उदाहरणात दिसलेच की, ज्या मात्रेने एक अवयव वाढतो तिनेच दुसरा खुंटतो. '२,४-डी' या तणनाशकाची कथा याच स्वरूपाची आहे. हे मुळात कृत्रिम ऑक्सिन होय. मोठ्या मात्रेत ते रुंद पानांच्या तणास इतके विसंगत वाढीचे निरोप देते की ते पिळवटून मरते. ज्वारी, ऊस यांसारखी तृणवर्गीय पिके मात्र ठरलेल्या मात्रेत ते सोसतात. म्हणून उसात त्याचा वापर होतो. परंतु वाऱ्याने त्याचे तुषार शेजारच्या टोमॅटोवर, द्राक्षावर वा कापसावर गेले, किंवा त्याच पंपाने, तो नीट न धुता, दुसऱ्या पिकावर फवारणी झाली, तर पाने अरुंद होतात, शेंडे मुरडतात आणि हाताशी आलेले पीक जाते. बांधाला बांध असलेल्या दोन घरांत यातून वैर उत्पन्न होते. एकास रोग वाटतो, दुसऱ्यास दोष मान्य नसतो, आणि खरे कारण दोघांसही ठाऊक नसते. ज्या मुलाने शाळेत ऑक्सिनचा धडा समजून घेतला आहे, तो निदान 'पंप धुतला होता का? वारा कोणीकडचा होता?' हे दोन प्रश्न विचारील. या दोन प्रश्नांचे मोल एका हंगामाइतके असू शकते.

येथे गणिताच्या शिक्षणासही उत्तम संधी आहे. संजीवकांचे प्रमाण 'पीपीएम', म्हणजे दशलक्ष भागांत एक भाग, असे सांगतात. पाण्याच्या बाबतीत ते एका लिटरात एक मिलिग्रॅम असे धरता येते. सातवीच्या वर्गास असे उदाहरण घालावे : २० पीपीएमचे २०० लिटर द्रावण करावयाचे आहे; शुद्ध द्रव्य किती लागेल? उत्तर ४,००० मिलिग्रॅम, म्हणजे ४ ग्रॅम. १५ लिटरच्या पाठीवरील पंपास किती? ३०० मिलिग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. मग बाटलीच्या झाकणाने अंदाजे मोजून ओतणे योग्य होईल काय, हा प्रश्न मुलांसच सोडवू द्यावा. शाळेत प्रत्यक्ष रसायन आणण्याची मुळीच गरज नाही, व आणूही नये.

प्रयोगांसाठी बिनखर्चाचे साहित्य पुरते. पहिला प्रयोग : बुटांच्या खोक्यास एका बाजूस रुपयाएवढे छिद्र पाडावे व आत नुकत्याच उगवलेल्या गव्हाची वा ज्वारीची वाटी ठेवावी. दुसरी वाटी उघड्यावर ठेवावी. दोन-तीन दिवसांत फरक दिसेल. हाती कौशल्य असलेल्या मुलांनी काही कोंबांच्या टोकांवर चॉकलेटच्या चांदीच्या इवल्या टोप्या बसवून डार्विनचा प्रयोगही करून पाहावा. दुसरा प्रयोग : काचेच्या ग्लासात आतून ओला टिपकागद लावून काच व कागद यांच्यामध्ये मक्याचे वा हरभऱ्याचे दाणे ठेवावेत, मूळ दोन बोटे लांब झाले की ग्लास आडवा करावा, आणि दुसऱ्या दिवशी मुळाचे वळण काढून घ्यावे. तिसरा प्रयोग शाळेच्या बागेत हरभऱ्याच्या दोन ओळींवर करावा. एका ओळीचे शेंडे खुडावेत, दुसरी तशीच ठेवावी, आणि दर आठवड्यास फांद्या मोजून तक्ता भरावा. चौथा प्रयोग : दोन कागदी पिशव्यांत सारखी कच्ची टोमॅटो घालावीत, एकीत एक पिकलेले केळे ठेवावे. कोणती आधी पिकतात ते रोज लिहावे.

या प्रयोगांत शिक्षकाने तीन पथ्ये पाळावीत. निष्कर्ष आधी सांगू नये. मुलांनी आपले भाकीत पाटीवर लिहावे व नंतर निरीक्षण करावे. तुलनेसाठी एक नग नेहमी तसाच ठेवावा, कारण तुलनेवाचून पुरावा होत नाही. आणि प्रयोग फसला तर तो लपवू नये. टोपी सैल बसली, वाटीतील पाणी आटले, खोक्यास फट राहिली, असे काहीही कारण असू शकते. ते कारण शोधण्यातच मुलांस विज्ञानाची रीत कळते. डार्विन, बॉयसेन-येन्सेन, वेंट या तिघांचे प्रयोग एकमेकांच्या अपुऱ्या उत्तरांवरच उभे राहिले, हे त्यांस अवश्य सांगावे.

खेड्यातील पालक अनेकदा शिक्षकाकडे औषधाच्या बाटलीवरील मजकूर वाचून घेण्यास येतो. त्या वेळी बाटलीत अन्न आहे की निरोप, तो कोणत्या पिकासाठी आहे, मात्रा किती, वेळ कोणती, एवढे चार प्रश्न शिक्षकाने त्याच्यापुढे ठेवले आणि उरलेल्यासाठी कृषी विभागाच्या सहायकाकडे पाठविले, तरी पुष्कळ झाले. शिक्षकाने शेतीतज्ज्ञ व्हावे, अशी अपेक्षा कोणाचीही नाही.

येत्या नवरात्रात घट बसतील तेव्हा प्रत्येक शाळेने मुलांस एवढेच काम द्यावे : आपल्या घरचे धान कोणत्या माळेस उगवले, रोज किती बोटे वाढले, त्याचा रंग कसा होता आणि ते कोणत्या दिशेस कलले, याची वहीत नोंद करावी. देवघराचे दार कोणीकडे आहे तेही लिहावे. दसऱ्यानंतर शाळा भरल्यावर सर्वांच्या नोंदी फळ्यावर एकत्र मांडाव्यात. ज्या घरांची दारे वेगवेगळ्या दिशांस आहेत तेथील धान वेगवेगळ्या दिशांस कललेले आढळेल, आणि 'असे का?' हा प्रश्न मग मुलेच विचारतील. तेथूनच या पाठास आरंभ करावा.